पान गळले म्हणून चाफा मेला का?

सदर : बांधावरची झाडे



या खेपेस चाफ्याविषयी बोलू. पण चाफा म्हटले की पहिला प्रश्न येतो, कोणता चाफा? प्रश्न साधा वाटेल. पण आमच्या कसबा बावड्यातल्या एका वहिनींचे झाड या प्रश्नाच्या उत्तरावर वाचले, म्हणून ती हकिगत आधी सांगतो.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला मोठा पूर आला. आम्हा बावडेकरांना पुराचे माप राजाराम बंधाऱ्यावरून कळते. तिथे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका. त्या साली पाणी धोक्याच्या रेषेच्या खूप वर गेले. शियेकडचा रस्ता पाण्याखाली गेला. वहिनींच्या परड्यात आठवडाभर गुडघ्याएवढे पाणी उभे होते. पाणी ओसरले, घर धुऊन निघाले, सोयऱ्यांकडे ठेवलेली जनावरे परत आली. पण परड्यातला सोनचाफा पिवळा पडू लागला. गणपती बसेपर्यंत निम्मी पाने गळाली आणि घट उठेपर्यंत झाड उघडेबोडके झाले.

वहिनी एका सकाळी दारात आल्या. म्हणाल्या, "भावजी, एवढं येऊन बगा. थोरला म्हणतोय झाड मेलं, तोडून चुलीला घालू. मामंजी म्हणत्यात, चाफा दर साली पानं टाकतोच, त्याला हात लावू नगंस. मी कुणाचं ऐकू?"

या झाडाची फुले वहिनी पहाटे तोडत, ओल्या फडक्यात बांधत आणि शहरात फुले विकणाऱ्या बाईकडे पोचवत. तो पैसा थोडाच होता, पण घरात कुणाला हिशेब न देता खर्चायचा त्यांचा एवढाच पैसा. लेकीच्या शाळेच्या वह्या त्यातूनच येत. तेव्हा कुऱ्हाड पडली असती तर ती नुसती लाकडावर पडली नसती.

मी झाड पाहिले आणि दोघांनाही थांबवले. थोरल्याची घाई होत होती. आणि मामंजी एका चाफ्याचा नेम दुसऱ्या चाफ्याला लावत होते.

चाफे किती, घराणी किती

आपल्याकडे सुवासाचे फूल दिसले की त्याला चाफा म्हणण्याची रीत आहे. हिरवा चाफा घ्या. तो वेलासारखा चढतो, त्याला आकडे असतात, आणि तो सीताफळाच्या कुळातला आहे. भुईचाफा हळदीच्या कुळातला. उन्हाळ्यात पान नसताना त्याचे फूल थेट जमिनीतून वर येते. नागचाफा म्हणजे नागकेशर, त्याचे घराणे आणखी वेगळे. देवळापुढचा पांढरा चाफा, ज्याला कुणी देवचाफा तर कुणी खुरचाफा म्हणतात, तो कण्हेरीच्या कुळातला आहे.

या सगळ्यांत खऱ्या चंपक कुळातली, आपल्या ओळखीची झाडे दोनच. एक सोनचाफा आणि दुसरा कवठी चाफा, ज्याची पांढरट कळी अंड्यासारखी गोल असते. या कुळाला शास्त्रात मॅग्नोलियाचे कुळ म्हणतात. सोनचाफ्याला लिनियसने १७५३ साली मिचेलिया चंपका असे नाव दिले होते. अलीकडे शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलिया चंपका म्हणतात. चंपका हा शब्द आपलाच, तो मात्र दोन्ही नावांत कायम राहिला.

मॅग्नोलिया या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये पिएर मॅग्नोल नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेला. शार्ल प्ल्युमिए या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने वेस्ट इंडीजच्या बेटावर एक झाड पाहिले आणि १७०३ साली त्याला मॅग्नोलचे नाव दिले. पुढे या प्ल्युमिएचेच नाव आपल्या देवळापुढच्या चाफ्याला मिळाले. त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया. म्हणजे एका चाफ्याचे बारसे ज्याने केले, त्याचे नाव दुसऱ्या चाफ्याला लागले. नात्याने मात्र हे दोन चाफे एकमेकांचे कुणी नव्हेत.

मामंजींचा चाफा

मामंजी सांगत होते ते खोटे नव्हते. देवळापुढचा चाफा खरोखरच पाने टाकतो. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. तिथेही कोरडा हंगाम लांबतो. पान म्हणजे पाणी उडून जाण्याची वाट. म्हणून थंडी सरत आली, जमिनीतली ओल तुटली की हे झाड पाने टाकून ती वाट बंद करते. त्याच्या जाड, मांसल फांद्यांत पाणी आणि चीक साठलेला असतो, त्यावर ते उन्हाळा काढते. पुढे बोडक्या शेंड्यांवर आधी फुलांचे घोस येतात आणि मागून पाने. त्याची तोडलेली फांदी चार दिवस सावलीत सुकवून लावली तरी जगते. अशा झाडाची पाने गळाली तर ती त्याची झोप समजावी. तिथे मामंजींचा सल्ला बरोबर. हात लावू नये.

सोनचाफ्याचे तसे नाही. तो सह्याद्रीच्या दमट रानातला रहिवासी आहे. ते रान बारमाही हिरवे आणि सोनचाफाही बारमाही हिरवा. त्याचीही जुनी पाने गळतात, पण थोडी थोडी, आणि नवी पाने आल्यावर. आपली माणसे "चाफा कधी उघडा पडत नाही" म्हणतात ते या चाफ्याबद्दल. मग तो एकदम उघडा पडला तर ती झोप नसते, दुखणे असते.

ओळख फांदीवरच्या कड्यावरून

समोरचे झाड कोणत्या घराण्यातले, हे फूल नसताना, पान नसतानाही कसे ओळखायचे? फांदी हातात घ्या. सोनचाफ्याच्या कोवळ्या फांदीवर ठराविक अंतराने बारीक कडी दिसतील, बोटात अंगठी घालावी तशी फांदीभोवती पूर्ण फिरलेली. या कुळात प्रत्येक कोवळ्या पानाला आणि शेंड्याच्या डोळ्याला एक टोपी असते. पान उमलताना टोपी गळून पडते आणि तिच्या बुडाची खूण फांदीवर कड्यासारखी राहते.

असे कडे वड, पिंपळ, उंबर आणि फणसाच्या फांदीवरही दिसते. पण तिथे नख लावले की पांढरा चीक येतो. चाफ्याच्या फांदीला चीक नाही, उलट साल चुरगाळली की वास येतो. तेव्हा कडे आहे, चीक नाही आणि साल सुवासिक आहे, तर चंपकाचे घराणे समजा. देवचाफ्याचे उलटे. त्याला चीक भरपूर, कडे नाही, फक्त गळालेल्या पानांचे मोठे मोठे वण.

कड्यांचा आणखी एक उपयोग आहे. दोन कड्यांमधले अंतर मोठे असेल तर तेवढ्या काळात झाड जोमाने वाढले. कडी एकमेकांना खेटली असतील तर झाड कुचंबले. वहिनींच्या झाडाची फांदी मी पाहिली तेव्हा शेंड्याकडची कडी अगदी दाटीने होती. म्हणजे दुखणे या पुराच्या आधीचे होते. मी विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "२०१९ च्या पुरातबी हितं पाणी हुतंच की."

फूल, फळ आणि बी

सोनचाफ्याचे फूल पानाच्या बगलेत एकेकटे येते. जास्वंदीत जसा हिरवा पेला वेगळा आणि रंगीत पाकळ्या वेगळ्या, तसे यात नसते. बारा-पंधरा किंवा अधिक सारख्याच पाकळ्या वेटोळ्या रांगांनी बसलेल्या. आत पुष्कळ चपटे पुंकेसर आणि मधोमध एक दांडी. त्या दांडीवर हिरवे इवले बीजकोश स्क्रूच्या आट्यांसारखे चढत गेलेले. ही फार जुन्या घडणीची रचना आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत या कुळाला जवळची फुले आणि फळे सापडली आहेत. या कुळाच्या फुलांवर मुख्यतः भुंगेरे येतात आणि पराग खातात. फुलाचा मादीभाग आधी तयार होतो आणि पराग मागून सुटतात, म्हणजे एकाच फुलात आपल्याआपल्यात लग्न लागत नाही.

फळ पाहिले की आपल्या सीताफळाशी असलेले लांबचे नाते कळते. सीताफळ म्हणजे एका फुलातले पुष्कळ बीजकोश एकमेकांना चिकटून झालेले फळ. सोनचाफ्याचे बीजकोश मात्र सुटे राहतात. दांडीवर लहान, खरबरीत द्राक्षांचा घोस लोंबावा तसे ते दिसते. पिकले की एकेक कोश फाटतो आणि आतून लाल गराचे बी बाहेर डोकावते. पक्षी ते खातात आणि लांब नेतात.

बियाणे धरायचे तर लक्षात ठेवा, हे बी गहू-जोंधळ्यासारखे कणगीत ठेवायचे नाही. सुकले की काही आठवड्यांत त्याची उगवण जाते. ताजे बी घ्यावे, राखेत किंवा वाळूत चोळून वरचा लाल गर काढावा, धुऊन लगेच सावलीतल्या वाफ्यात पेरावे. उगवायला महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो. बियांच्या रोपाला फूल यायला आठ-दहा वर्षे लागतात. कलमाला ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच येते, कधी त्याही आधी.

पाने टाकणारे भाऊबंद

आता कुणी विचारील, चंपकाच्या घराण्यात पाने टाकणारे कुणीच नाही का? आहेत, पण ते थंड मुलखात राहतात. त्यांतला थोरला आपल्याच देशात आहे. दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या डोंगरात आठ-नऊ हजार फुटांवर मॅग्नोलिया कॅम्पबेली नावाचे झाड वाढते. शंभर फुटांपर्यंत जाते. दार्जिलिंगचे त्या वेळचे अधीक्षक कॅम्पबेल यांच्या नावावरून हूकर आणि थॉमसन या दोघा शास्त्रज्ञांनी १८५५ साली त्याला हे नाव दिले. नेपाळी माणसे या घराण्यातल्या झाडांना चाँप म्हणतात. आपल्या चंपकाचेच ते रूप.

या झाडाचे पान वीतभर किंवा त्याहून लांब असते. थंडीआधी ते सगळी पाने टाकते. बर्फाळ वाऱ्यात कोवळे पान टिकणार नाही आणि गोठल्या जमिनीतून मुळांना पाणी मिळणार नाही, म्हणून ही झोप. देवचाफा कोरडीला भिऊन झोपतो आणि हा हिमाला भिऊन. झोपेतसुद्धा त्याच्या कळीला जाड लवेची टोपी असते, घोंगडी पांघरल्यासारखी. माघ-फाल्गुनाच्या सुमारास, एकही पान नसताना, टोपी फुटते आणि वीतभर रुंद फुले उमलतात, कुठे गुलाबी तर कुठे पांढरी. बाहेरच्या पाकळ्या बशीसारख्या पसरतात आणि आतल्या पेल्यासारख्या उभ्या राहून केसरांना झाकतात. सोनचाफ्याचे फूल पानाच्या बगलेत येते, याचे फांदीच्या टोकावर. पण फांदीवरचे कडे, सारख्या पाकळ्या, मधली दांडी आणि लाल बिया, सगळी घरची खूण तीच. बियांपासून वाढवलेल्या या झाडाला पहिले फूल यायला पंचवीस-तीस वर्षेही लागतात. लावतो बाप आणि फूल बघतो लेक.

जपानातही याच घराण्यातले एक पाने टाकणारे झाड आहे. त्याचे पान हातभर मोठे असते. तिथल्या डोंगरी भागातली माणसे त्याचे वाळलेले पान निखाऱ्यावर ठेवून त्यावर सोयाबीनची आंबवलेली चटणी परततात. आपली पळसाची पत्रावळ, तसे त्यांचे चाफ्याचे पान.

म्हणजे एकाच घराण्यात थंड देशचे भाऊ पाने टाकून झोपतात आणि आपला सोनचाफा बारमाही जागा राहतो. पान गळण्याचा अर्थ लावायचा तो झाड ओळखल्यावर.

सोनचाफा उघडा का पडला?

मुळांना श्वास लागतो. जमिनीच्या कणांमध्ये हवा असते, तिच्यावर मुळे जगतात. पाणी उभे राहिले की ती हवा निघून जाते. आपल्या नदीकाठच्या काळ्या, चिकण जमिनीत पाणी उतरायलाही वेळ लागतो. मुळे गुदमरतात, कुजू लागतात, आणि भोवती पाणी असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. मग पाने पिवळी पडून गळतात. त्यात पूर जाताना खोडाभोवती वीतभर गाळ टाकून जातो, त्याने उरलेली हवाही कोंडते. ऊस काही दिवस पाणी सोसतो, सोनचाफा सोसत नाही. डोंगरउतारावर वाढणारी जात ती, तिला पाऊस भरपूर हवा पण पायाशी पाणी तुंबलेले नको.

पूर नसतानाही बांधावरचा चाफा पिवळा पडला तर दोन गोष्टी तपासा. शेजारच्या उसाचे पाट-पाणी रोज मुळाशी मुरते आहे का? आणि उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारलेले टू-फोर-डी वाऱ्याने झाडावर आले का? त्या औषधाने कोवळी पाने वाकडीतिकडी होतात, त्यावरून ते कळते.

वहिनींच्या झाडाचे काय झाले

चाकूने शेंड्यापासून खाली थोडी थोडी साल खरवडत आलो. वरच्या फांद्या आत तपकिरी, कोरड्या. त्या गेल्या होत्या. खोडावर कमरेएवढ्या उंचीला खरवडले तेव्हा साल आतून हिरवी आणि ओली निघाली. थोरल्याला ती दाखवली. तो कुऱ्हाड घेऊन उभा होता, त्यानेच मग खोरे आणले.

खोडाभोवतीचा गाळ मूळच्या मातीपर्यंत काढला. झाडापासून चार-पाच फुटांवर उताराच्या बाजूने चर खणून पाण्याला वाट दिली. मेलेल्या फांद्या हिरव्या सालीपर्यंत तिरक्या कापल्या आणि कापावर बोर्डो मलम लावले. ते घरीही करता येते. शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम चुना अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून एकत्र करावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. खत घातले नाही. दुखणाईताला पुरणपोळी वाढत नाहीत. माती कोरडी होईपर्यंत पाणीही दिले नाही.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला, काही नाही. थोरला काही बोलला नाही, पण रोज बघून जायचा. माघात खोडाला तीन हिरवे कोंब फुटले. वहिनींनी पेढे आणले. मी खाली वाकून पाहिले आणि त्यांना खरे ते सांगावे लागले. तिन्ही कोंब कलमाच्या सांध्याखालून आले होते.

ज्यांना कलमाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. कलमात खालचा खुंट बियांच्या रोपाचा असतो आणि वर बांधलेली काडी चांगल्या फुलाच्या झाडाची. वहिनींची वरची काडी, म्हणजे ज्याच्या फुलांना गिऱ्हाईक होते तो भाग, सांध्याजवळ मरून गेली होती. जगला तो खुंट. त्याला तसाच वाढू दिला तर फुलाला आठ-दहा वर्षे थांबायचे आणि फूल कसे येईल याची हमी नाही. वहिनी पेढ्याचा पुडा हातात धरून गप्प उभ्या राहिल्या.

पण जिवंत खुंट हेसुद्धा भांडवल असते. त्याची मुळे जुनी, खोल गेलेली. तीनपैकी दोन जोमदार कोंब ठेवले. २०२२ च्या पावसाच्या तोंडाला, हवेत ओल आल्यावर, कलमे बांधणाऱ्या एका जाणत्या माणसाकडून दोन्हींवर पाचर कलम करून घेतले. डोळकाडी वहिनींच्या माहेरच्या चाफ्याची आणली. एक कलम गेले, एक लागले. सांध्याखाली येणारा प्रत्येक नवा कोंब वहिनी नखाने खुडत राहिल्या. २०२३ च्या श्रावणात पहिली फुले आली. पहिल्या दिवशी तीन होती. एक देवाला, एक मामंजींना आणि एक थोरल्याच्या खिशाला.

एवढे ध्यानात ठेवा

झाड उघडे पडले की आधी ओळख पटवा. चीक आणि मोठे वण असतील तर देवचाफा, त्याला झोपू द्या. कडे आणि सुवासिक साल असेल तर सोनचाफा, त्याच्या मुळाशी जा.

सोनचाफ्याचे कलम घेताना मातीवर वीतभर सांधा दिसतो का ते बघा. सांधा नसेल तर ते बियांचे रोप आहे, कलमाचे दाम देऊ नका. लावताना सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे.

काळ्या जमिनीत खड्ड्यात लावू नका. फूट-दीड फूट उंच मातीचा ओटा करून त्यावर लावा आणि पाण्याला वाट ठेवा. पूररेषेच्या आत असाल तर परड्याचा उंच कोपरा चाफ्याला द्या.

आणि सालीखाली हिरवे आहे की नाही हे बघितल्याशिवाय कोणत्याही झाडावर कुऱ्हाड उचलू नका. चाकू घरात असतोच, आणि खरवडायला एक मिनिट लागते. सालीखाली हिरवे दिसले तर एक हिवाळा वाट पाहा.